गुरूंनी दिलेले नाव आणि व्हिसाचे आडनाव

नांदेडला गोदावरीच्या काठी बंदा घाट आहे. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देशोदेशींहून येणारा शीख यात्रेकरू तेथेही जाऊन माथा टेकतो. इ.स. १७०८ मध्ये याच गोदातीरी माधोदास नावाच्या एका बैराग्याची आणि गुरू गोविंदसिंहांची भेट झाली. राजौरीच्या डोंगराळ मुलखात लक्ष्मणदेव म्हणून जन्मलेला हा पुरुष वैराग्य पत्करल्यावर माधोदास झाला होता. गुरूंच्या भेटीनंतर तो बंदासिंह झाला, पंजाबात परतला, सरहिंदच्या जुलमी सुभेदाराचा त्याने पाडाव केला आणि १७१६ मध्ये दिल्लीत अनन्वित हाल सोसून तो हुतात्मा झाला. एका आयुष्यात तीन नावे. दोन्ही वेळा नाव बदलण्यामागे काही अर्थ होता, आणि ज्याचे नाव बदलले त्याची त्याला मनोमन संमती होती.

त्याआधी नऊ वर्षे, १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात घडलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. गुरूंनी शीर मागितले तेव्हा उठून उभे राहिलेले पाच जण पाच दिशांचे होते आणि पाच वेगवेगळ्या जातींचे होते. कोणी लाहोरचा खत्री, कोणी हस्तिनापूरचा जाट, कोणी जगन्नाथपुरीचा पाणी वाहणारा कहार, कोणी द्वारकेचा छिंपी. पाचवा साहिबचंद हा नाभिक समाजातला, आणि तो बिदरचा. बिदर म्हणजे उदगीर आणि देगलूरच्या शिवेपलीकडचा मुलूख. लातूर आणि नांदेडकरांना तो परका नाही. या पाचही जणांना गुरूंनी एकच उपनाम दिले : सिंह. स्त्रियांना दिले कौर. मग गुरूंनी स्वतः त्याच पाच जणांच्या हातून अमृत घेतले आणि गोविंदराय होते ते गोविंदसिंह झाले. नावावरून जात कळत होती, कूळ कळत होते, उच्चनीच ठरत होते. ते सारे एका दिवसात पुसून टाकण्याचा हा उद्योग होता. सामाजिक समरसतेची भाषणे आज पुष्कळ होतात. तीनशे वर्षांपूर्वी ती नामकरणातून साधली गेली, आणि त्या पाचांतला एक मराठवाड्याच्या वेशीवरचा होता, याची आठवण या भागात तरी अधिक असायला हवी.

हीच दोन नावे २००७ साली एका परदेशी कार्यालयाच्या टेबलावर अडली.

प्रकरण असे होते. कॅनडात राहणाऱ्या एका शीख विवाहितेने आपल्या पतीला कायमच्या वास्तव्यासाठी तेथे बोलावून घेण्याचा रीतसर अर्ज केला होता. पती हिंदुस्थानात, पत्नी कॅनडात. अर्ज पुढे सरकत असताना दिल्लीतील कॅनडाच्या उच्चायुक्तालयाकडून पत्र आले. त्या पत्राचा आशय असा होता की, 'सिंह' आणि 'कौर' ही नावे कॅनडातील स्थलांतराच्या कामासाठी आडनाव म्हणून ग्राह्य नाहीत. सबब अर्जदाराने दुसरे आडनाव लावावे. पतीचे नाव सिंहवर संपत होते. म्हणजे विवाह खरा, कागदपत्रे खरी, पत्नीचे नागरी हक्क निर्विवाद. अडचण एवढीच की माणसाचे नाव त्याच्या गुरूंनी सांगितल्याप्रमाणे होते.

बातमी कॅनडातील वृत्तमाध्यमांत आली तेव्हा तेथील खात्याच्या प्रवक्त्याने पहिल्या दिवशी जे सांगितले ते अधिक धक्कादायक होते. ही पद्धत सुमारे दहा वर्षे चालू असून या नावांचे अर्जदार फार असल्यामुळे दिल्लीच्या कार्यालयाला कामाच्या सोयीसाठी ती लागते, असा त्या खुलाशाचा सूर होता. शीख संघटनांनी आवाज उठविला, आणि काही दिवसांतच खात्याने घूमजाव केले. असे धोरण नव्हतेच, आडनाव मागणे ही केवळ प्रशासकीय प्रथा होती, ती सक्तीची नव्हती, पत्राची शब्दरचना सदोष होती, त्याबद्दल खेद वाटतो, असे सांगून जुलै २००७ मध्ये ही प्रथा गुंडाळण्यात आली. दहा वर्षांत किती जणांनी त्या 'सक्तीच्या नसलेल्या' प्रथेपुढे मान तुकवून नवे आडनाव लावले असेल, याचा हिशेब कोण देणार? पत्र हाती पडलेला माणूस शब्दरचनेची चिकित्सा करीत बसत नाही. त्याची बायको साता समुद्रांपलीकडे असते. तो निमूटपणे प्रतिज्ञापत्र करतो, दोन वृत्तपत्रांत जाहिरात देतो, नवा पासपोर्ट काढतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नवे आडनाव लावा, असे सांगितल्यावर माणूस कोणते आडनाव लावतो? आकाशातून तर ते येत नाही. तो आपल्या कुळाचे, गोताचे किंवा गावाचे नाव लावतो. पंजाबात कुळाचे नाव लावले की बहुधा जात उघड होते. जे गुरूंनी १६९९ मध्ये नावातून काढून टाकले, ते एका परक्या देशाच्या कारकुनाने १९९७ ते २००७ या काळात, केवळ फायली वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून, पुन्हा जोडायला लावले. त्याच्या मनात दुष्टावा नसेल. त्याला त्या नावामागचा इतिहास ठाऊक नव्हता, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नाही. दुष्टाव्यापेक्षा हे अज्ञान अधिक त्रासदायक असते, कारण त्याच्याशी वाद घालता येत नाही.

गंमत अशी की, ज्या वेळी हे पत्र गाजत होते त्याच वेळी नांदेड शहर २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या तयारीत गुंतले होते. घाट बांधले जात होते, रस्ते रुंद होत होते, विमानतळाचा कायापालट होत होता. कॅनडातूनही भाविक येणार होते. ज्या नगरीत गुरूंनी ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले आणि देह ठेवला, त्या नगरीकडे निघालेल्या कितीएक सिंहांच्या आणि कौरांच्या पासपोर्टवर त्या वेळी कोणते आडनाव असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कार्यालयाची बाजूही न्यायबुद्धीने पाहू. एकाच नावाचे शेकडो अर्ज आले तर घोटाळा होऊ शकतो, एकाचा नकार दुसऱ्याला जाऊ शकतो, हे खरे आहे. परंतु माणूस ओळखण्यासाठी नाव हे साधनच मुळात कच्चे आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याची मतदारयादी उघडून 'शिवाजी' हे नाव आणि 'जाधव' हे आडनाव शोधून पाहावे. म्हणून कोणी जाधवांना आडनाव बदलायला सांगत नाही. पासपोर्टला क्रमांक असतो, जन्मतारीख असते, छायाचित्र असते, आणि आता तर बोटांचे ठसेही असतात. ओळख पटवायची तर त्यांवरून पटवावी. नावात बदल करून ओळख पक्की होत नाही. उलट एका माणसाची दोन नावे झाली की घोळ दुप्पट होतो.

नांदेडच्या शीख कुटुंबांचा हा प्रश्न लातूरच्या पाटील-देशमुखांना आपला वाटणार नाही कदाचित. पण जरा खोलात गेले की तो घराघरांत सापडतो.

लातूरचा मुलगा बारावीला गुण मिळवितो, पुण्याला अभियांत्रिकीला जातो, आणि नोकरी त्याला पुढे अमेरिकेत किंवा युरोपात घेऊन जाते. चार-पाच वर्षांनी तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो, त्यात लग्न ठरते, लागते, आणि तो परत जातो. मागे राहते ती नववधू आणि तिच्या कागदपत्रांचा ढीग. दहावीची सनद, टी. सी., विद्यापीठाची पदवी, आधार, पॅन यांवर माहेरचे नाव. सासरची मंडळी म्हणतात, पासपोर्ट सासरच्या नावाने काढा, म्हणजे तिकडे अडचण येणार नाही. एवढ्या एका वाक्याने पुढची सहा-आठ महिन्यांची यातायात सुरू होते. पासपोर्ट नव्या नावाने आला तर पदवी जुन्या नावाची. पतीने तिकडे अर्जात जुने नाव लिहून ठेवले असले, तर पासपोर्ट आणि अर्ज यांत तफावत. मग राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र जोडा, विवाह नोंदणीचा दाखला पुन्हा काढा. मुलाखतीच्या खिडकीवर बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला 'लग्नात आमच्याकडे पहिले नावही बदलतात' हे समजावून सांगताना त्या बिचारीच्या तोंडचे पाणी पळते.

आपल्या नावांची घडणही परक्याला चक्रावून टाकणारी आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही मुळात वतनांची नावे. ती आडनावे होऊन बसली. गावावरून आलेले 'कर' हे तर केव्हाही जोडावे आणि केव्हाही सोडावे असे. लातूर जिल्ह्याने राज्याला आणि देशाला दिलेले दोन मोठे नेते शिवाजीराव पाटील आणि शिवराज पाटील. दोघेही पाटील, दोघेही आपापल्या गावावरून निलंगेकर आणि चाकूरकर म्हणून ओळखले गेले. व्हिसाच्या अर्जातल्या एका रकान्यात हे कसे बसवायचे? देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या तेलंगणा सीमेवरील कुटुंबांची 'वार'ने संपणारी आडनावे, निलंगा-उदगीरकडची 'अप्पा' लागणारी नावे, ही प्रत्येक वेगळी कथा आहे. त्यात हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत. जुन्या नोंदी मोडीत आणि उर्दूत, नंतरच्या देवनागरीत, आणि पासपोर्ट रोमन लिपीत. एकाच घरात गायकवाडांची रोमन अक्षरे थोरल्या भावाची निराळी आणि धाकट्याची निराळी, हे दृश्य नवे नाही.

ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, त्यांची दशा आणखी बिकट. अमेरिकेच्या व्हिसावर ते एकमेव नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफ. एन. यू.' ही तीन अक्षरे छापली जातात. त्यांचा अर्थ, पहिले नाव अज्ञात! संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटन व भेटीच्या व्हिसाने प्रवेश नाकारण्याचा नियम काढला. नरसीचे संत नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदे ग्रंथसाहिबात विराजमान झाली. आडनावावाचून त्यांचे काही अडले नाही. आज त्यांना अर्ज भरावा लागला असता तर पहिल्या नावाचा रकाना कोणी अज्ञात म्हणून भरला असता.

जगाचा नियमही एक नाही. कॅनडाच्याच क्यूबेक प्रांतात १९८१ पासून विवाहित स्त्रीने कायदेशीर व्यवहारात आपले जन्मनावच वापरायचे असते. पतीचे आडनाव लावायचे म्हटले तरी सहजासहजी लावता येत नाही. जपानात याच्या अगदी उलट. तेथे दोघा जपानी वधूवरांना एकच आडनाव घ्यावे लागते, आणि ही सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वैध ठरविली. मात्र जोडीदार परदेशी असेल तर त्याला ही सक्ती नाही. आपल्या मुलीला मॉन्ट्रियलला धाडण्यापूर्वी हौसेने तिचे आडनाव बदलणाऱ्या पित्याला हे कोणी सांगितलेले नसते.

दोष केवळ परदेशी कार्यालयांचा आहे असे म्हणून सुटका होण्यासारखी नाही. परक्याने नाव बदलायला सांगितले की आपल्याला स्वत्वाची आठवण होते. पण आपल्याच घरात लग्नाच्या रात्री तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव कोरले जाते, तेव्हा त्या मुलीला आधी कोणी विचारलेले असते का? हौसेने नाव बदलून घेणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या हौसेला कोणाचीच हरकत नाही. परंतु वीस-बावीस वर्षे ज्या नावाने हाक मारली, ज्या नावाने ती बक्षिसे घेऊन घरी आली, ते नाव एका संध्याकाळी पुसायचे आणि याला धर्म म्हणायचे, हे मात्र तपासून घेतले पाहिजे. पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हे विवाहसंस्काराचे प्रमुख विधी. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमातही उल्लेख आहे तो सप्तपदीचा. नामांतराचा तेथे शब्द नाही.

आणि परंपरा म्हणाल तर ती फार वेगळे सांगते. प्रभू रामचंद्रांची पत्नी अयोध्येची महाराणी झाल्यावरही जानकी, मैथिली, वैदेही याच नावांनी संबोधिली गेली. पित्याचे नाव, पित्याची नगरी, पित्याचा देश. कौसल्या कोसलाची, कैकेयी केकयाची, गांधारी गांधाराची, आणि पाच पतींची पत्नी असूनही द्रौपदी द्रुपदाची व पांचाली पांचालाची राहिली. सासरच्या नावाने त्यांना कोणी ओळखले नाही, म्हणून त्यांच्या पातिव्रत्यात उणे पडले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मराठवाड्यापुरते बोलायचे तर पैठणच्या सातवाहनांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही राजांची नावे आहेत, आणि त्यांत अग्रस्थानी आहे ती माता, तीही तिच्या स्वतःच्या गोत्रनामासह. शिलालेखांत आणि नाण्यांवर ती नावे दोन हजार वर्षे टिकून आहेत. आज जी सक्ती आपण सनातन समजतो, तिच्यातला बराचसा भाग इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्या, शाळा आणि दाखले यांनी पक्का केलेला आहे.

यातली आणखी एक विसंगती हसू आणणारी आहे. पतीचे नाव घ्यायचे तर आपल्याकडे उखाणा लागतो, चारचौघांत ते सहज उच्चारले जात नाही. तेच नाव मधले नाव म्हणून तिच्या पासपोर्टच्या पहिल्या रकान्यात बसते, आणि परदेशातल्या दवाखान्यात परिचारिका मोठ्याने पुकारते तेव्हा पत्नीसाठी पतीच्या नावाचा पुकारा होतो!

राज्यकर्त्यांना ही गोष्ट हळूहळू उमगत आहे, असे म्हणायला जागा आहे. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सुटसुटीत केले आणि विवाहितांना विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती काढली. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीच जाहीर केले की, विवाहानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याची स्त्रीला गरज नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेऊन १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे बंधनकारक केले. सातवाहनांच्या भूमीला हे शोभणारेच आहे. पण त्याच २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका विवाहितेने वेगळीच तक्रार मांडली. तिला राजपत्राद्वारे माहेरचे नाव परत घ्यायचे होते, आणि त्यासाठी घटस्फोटाचा कागद किंवा पतीचे ना-हरकत पत्र आणा, अशी केंद्र सरकारच्या अधिसूचनेतील अट होती. स्वतःचे जन्मनाव परत घेण्यासाठी दुसऱ्याची परवानगी! कॅनडाच्या पत्रावर संताप व्यक्त करणाऱ्यांनी या अटीकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

आता नाण्याची दुसरी बाजू. परदेशात गेलेली मुले परदेशी जोडीदार घेऊन येतात, हे नांदेड-लातूरलाही आता अगदी नवलाचे राहिलेले नाही. मुलगा सांगतो, आई धास्तावते, वडील गप्प होतात, आणि मग सारे काही ठीक होऊन मांडव पडतो. अशा वेळी सुनेचे नाव काय ठेवायचे, हा चर्चेचा पहिला विषय असतो. तिला मराठी यावी, सणवार कळावेत, घरात ती रुळावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु कागदोपत्री तिचे नाव बदलण्याचा आग्रह कायद्याला धरून नाही आणि शहाणपणाचाही नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह करायचा तर वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य लागते, नोटीस लागते, तिचीही मुदत तीस दिवसांची. त्या नोंदीत तिचे नाव तिच्या देशाच्या पासपोर्टप्रमाणेच येणार. विवाह नोंदवून दोन वर्षे सलग टिकला की तिला विदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओ. सी. आय. कार्ड मागता येते. तेही पासपोर्टवरील नावानेच मिळते. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. या साऱ्या वाटेवर मध्येच कोठे नाव बदलले, तर तिला आपल्या मायदेशाचा पासपोर्ट आधी बदलावा लागतो आणि येथला प्रत्येक कागद नव्याने जुळवावा लागतो. कॅनडाच्या उच्चायुक्तालयाने त्या शीख तरुणाला जे सांगितले, तेच आपण आपल्या सुनेला सांगत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

नाव बदलणे हेच मुळात वाईट, असा याचा अर्थ नाही. सावित्रीबाई खानोलकरांची कथा येथे आठवते. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेली ईव्ह इव्होन मॅडे द मारोस ही युवती, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली आणि घरच्यांचा विरोध पत्करून ती हिंदुस्थानात आली. १९३२ मध्ये विवाह झाला. तिने हिंदू धर्म स्वीकारला, नाव घेतले सावित्री. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, पुराणे वाचली, महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वातंत्र्यानंतर रणांगणावरील सर्वोच्च शौर्यपदकाचे रेखन करण्याचे काम तिच्याकडे आले, आणि दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेल्या इंद्राच्या वज्राची कल्पना परमवीर चक्रावर उमटली. ते पहिले पदक मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर जाहीर झाले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर. १९५२ मध्ये पतीचे निधन झाले. त्यांना माघारी जाता आले असते, माहेरचे नाव परत लावता आले असते. त्या येथेच राहिल्या, रामकृष्ण मिशनच्या आश्रयाला गेल्या आणि १९९० मध्ये याच भूमीत त्यांनी देह ठेवला. सावित्री हे नाव त्यांच्यावर कोणी लादले नव्हते. त्यांनी ते मिळविले होते. बंदासिंहाने मिळविले तसेच.

या दोघांमध्ये आणि त्या उच्चायुक्तालयाच्या पत्रात अंतर आहे ते येथेच. म्हणून भारत सरकारने परदेशी दूतावासांशी बोलताना एक गोष्ट ठामपणे धरून ठेवावी : भारतीय पासपोर्टवर जे नाव जसे छापले आहे, तेच त्या नागरिकाचे पूर्ण नाव, ते अपुरे आहे की फार सर्रास आढळणारे आहे, हे ठरविणे यजमान देशाचे काम नव्हे. आणि मुलीला परदेशी पाठविणाऱ्या घरांनी एवढे करावे की, नाव ठेवायचे की बदलायचे हे तिला लग्नाआधी ठरवू द्यावे, आणि एकदा अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत कोणत्याही कागदावरचे एक अक्षरही हलवू नये. विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्नाच्या आठवड्यातच करून घ्यावी. माहेरचे नाव आणि सासरचे घर यांना जोडणारा तोच एक कागद पुढे सर्वत्र उपयोगी पडतो. परदेशी सून घरात येणार असेल तर तिचा पासपोर्ट आहे तसाच कपाटात ठेवावा. देवघरापाशी तिला कोणत्या नावाने हाक मारायची, हे सासूबाई आणि सूनबाई यांनी तिळगूळ वाटता वाटता मिळून ठरवावे. त्यासाठी कोणाच्याही कचेरीत अर्ज द्यावा लागत नाही.